‘हत्ती पाहिला’ म्हणजे त्यांनी नक्की काय पाहिलं?

जळगावचा_वाचक
सध्या अमेरिकेच्या यादवी युद्धावर (१८६१–६५) वाचन चाललंय. सैनिकांच्या पत्रांत, रोजनिश्यांत एक वाक्य सारखं आडवं येतं : ‘आय हॅव सीन दि एलिफंट’, मी हत्ती पाहिला. संदर्भावरून अर्थ लागतो की गड्याने पहिली लढाई अनुभवली. एप्रिल १८६२ मधल्या शायलोच्या लढाईतून वाचलेली कोवळी पोरं तर हे हमखास लिहितात.

इथपर्यंत ठीक. पण त्याआधी, १८४९ साली कॅलिफोर्नियाच्या सोन्यामागे निघालेली मंडळीही हेच म्हणतात. त्यातले काही तर अर्ध्या वाटेवरून गाडी वळवून घरी परतलेले! एकजण गोळ्यांसमोर उभा राहिला, दुसरा पाठ फिरवून आला, आणि दोघांनी एकच हत्ती पाहिला? आणि अमेरिकेत हत्ती आला कुठून? जाणकारांनी सांगावं.

ठेचा_भाकरी
मला वाटलं पेशवे पार्कच्या आठवणींचा धागा आहे. आलोच आहे तर बसतो.

सदू_सिनिकल
‘खोलीतला हत्ती’ म्हणतात तोच ना? सगळ्यांना दिसतो पण कोणी बोलत नाही तो.

ग्रंथकीटक
सदूभाऊ, नाही. तो बराच नंतरचा. त्या हत्तीकडे कोणी बघत नाही, या हत्तीला बघायला माणसं घरदार सोडून निघायची. पांढरा हत्तीही वेगळा, तो सयामच्या राजाच्या गोष्टीतून आलेला, पोसताना मालकाचं दिवाळं काढणारा.

मूळ प्रश्नाबद्दल. छापील पुरावा बघायचा तर १८३५ मध्ये जॉर्जियातले न्यायाधीश ऑगस्टस लाँगस्ट्रीट यांनी आपल्या भागातल्या माणसांची शब्दचित्रं प्रसिद्ध केली. त्यात एक पात्र सहज म्हणून जातं की बस्स झालं, टॉम हेन्स हत्ती पाहिल्यावर म्हणाला तसं. टॉम हेन्स कोण ते लेखक सांगत बसत नाही. म्हणजे वाचकाला ही बोली ओळखीची असणार असं त्याने गृहीत धरलंय.

नंतरचा महत्त्वाचा माणूस जॉर्ज विल्किन्स केंडल, न्यू ऑर्लिन्सचा पत्रकार. १८४१ मध्ये टेक्सासहून सांता फेला व्यापारी-लष्करी मोहीम निघाली, तिच्यात हा होता. मोहिमेचा पार बोऱ्या वाजला. वाट चुकली, खायचे हाल झाले, शेवटी सगळे मेक्सिकोच्या हाती सापडले आणि कैदी म्हणून त्यांना मेक्सिको शहरापर्यंत चालवत नेलं. १८४४ मध्ये त्याने हकिगत लिहिली. तिच्यात तो सांगतो की टेक्सासात हा वाक्प्रचार फार चालतो, आणि हाती घेतलेल्या कामात माणसाची निराशा झाली, पुरेपूर पाहून झालं, वीट आला, की त्याने हत्ती पाहिला म्हणतात.

तेव्हा जुना अर्थ शौर्याचा नाही, विटण्याचा आहे. परत फिरलेले लोक तो बरोबर वापरत होते. सैनिकांनी त्याला वेगळं वळण दिलं.

जर्सीकर_जाऊबाई
कीटकराव, पण ती गाडीवाल्या शेतकऱ्याची गोष्ट सांगा ना! इथे सगळीकडे तीच सांगतात. गावात सर्कस येणार म्हणून एक शेतकरी अंडी-भाजीपाल्याची गाडी भरून निघतो. आयुष्यात हत्ती पाहिलेला नसतो. वाटेत सर्कशीची मिरवणूक समोर येते, पुढे हत्ती. शेतकरी खूश, घोडे मात्र बिथरतात. गाडी उलटते, अंड्यांचा चिखल होतो. लोक हळहळतात, तर हा म्हणतो, गेलं तर गेलं, मी हत्ती पाहिला!

ग्रंथकीटक
गोष्ट झकास आहे, पण मूळ म्हणून मी ती मानत नाही. वाक्प्रचार आधी रुळतो आणि त्याला शोभेल अशी गोष्ट मागून जुळवतात, हे आपल्याकडच्या म्हणींच्या कथांतही दिसतंच. शिवाय शेतकऱ्याचा सूर बघा. तो खूश आहे. केंडलचा माणूस वैतागलेला आहे.

तळकोकणी
हत्ती बघूचो आसा तर आमच्या दोडामार्गाक येवा. तिकीट नाय.

चेष्टा बाजूला. गेली वीसेक वर्षं कर्नाटकातून हत्ती आमच्याकडे उतरतायत. माड, केळी, पोफळी, उभं भात, काहीच सोडत नाहीत. रात्री डबे बडवून, फटाके लावून पोरं थकली. पंचनामा होतो, भरपाई कधीतरी येते. गाडीभर माल गेल्यावर ‘गेला तर गेला’ म्हणणारा शेतकरी मी अजून पाहिला नाही. ही गोष्ट नक्की कुठल्यातरी शहरातल्या माणसाने रचली असणार.

ठेचा_भाकरी
तळकोकणी +१००. पुराव्याशिवाय पटलं.

जर्सीकर_जाऊबाई
माल गेल्याचं दुःख मलाही कळतं हो. पण खरीखोटी कशी का असेना, सोन्यासाठी पश्चिमेकडे निघालेल्यांच्या काळी ही गोष्ट फिरत होती, आणि त्यांना ती आपलीच वाटत होती हे महत्त्वाचं नाही का? माल गेला, पण जे बघायला निघालो ते बघितलं. मूळ असो नसो, अर्थ त्या गोष्टीनेच टिकवला.

ग्रंथकीटक
हे मान्य. मूळ नव्हे, पण खत म्हणा.

जळगावचा_वाचक
वा! पण हत्ती आला कुठून हे राहिलंच.

ग्रंथकीटक
आपल्याकडूनच. १७९५ च्या अखेरीस ‘अमेरिका’ नावाचं जहाज कलकत्त्याहून निघालं. कप्तान जेकब क्राउनिनशील्ड, मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावचा. निघण्याआधी त्याने भावांना कळवलं की दोन वर्षांचं हत्तीचं पिल्लू ४५० डॉलरना घेतलंय. तुम्ही हसाल, पण हसा. जहाजावरच्या अधिकाऱ्यांत पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेल्या नॅथॅनिएल हॉथॉर्नचे वडील होते. वाटेत सेंट हेलेना बेटावर हत्तीसाठी हिरवा चारा घेतल्याची नोंद जहाजाच्या वहीत आहे. एप्रिल १७९६ मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले आणि पिल्लू १०,००० डॉलरला विकलं गेलं.

सदू_सिनिकल
४५० ला घेऊन १०,००० ला विकलं. म्हणजे हत्ती पाहिला घेणाऱ्याने, सोनं पाहिलं कप्तानाने.

ग्रंथकीटक
घेणाऱ्याचंही बुडालं नाही. ते पिल्लू गावोगाव फिरवून तिकीट लावून दाखवलं. १७९७ ची बोस्टनमधली जाहिरात वाचण्यासारखी आहे. तिच्यात लिहिलंय की हा प्राणी सोंडेने बुचं काढून कधीकधी दिवसाला पोर्टर बिअरच्या ३० बाटल्या रिचवतो. आणि खाली प्रेक्षकांना सूचना, की त्याने आजवर बरेच महत्त्वाचे कागद नष्ट केले असल्याने तसले कागद घेऊन त्याच्याजवळ जाऊ नये.

ठेचा_भाकरी
हा हत्ती सरकारी कार्यालयात लावायला हवा होता. आग लागायची वाट बघावी लागली नसती.

शेंगदाणाकूट
मी आत्ता ऑफिसात मोठ्याने हसले. ३० बाटल्या!! आणि वर कागद खातो. अशी माणसं आहेत आमच्याकडे.

जर्सीकर_जाऊबाई
त्यानंतरची प्रसिद्ध हत्तीण म्हणजे ‘ओल्ड बेट’. न्यूयॉर्क राज्यातल्या सोमर्स गावच्या हॅकालिया बेलीची. दिवसा रस्त्याने नेली तर लोक फुकटात बघतील म्हणून तिला रात्री चालवायचे, दिवसा एखाद्या कोठारात तिकीट लावून दाखवायचे. १८१६ मध्ये मेन राज्यात आल्फ्रेड गावाजवळ कोणीतरी तिला गोळी घालून मारलं. बेलीने मग सोमर्सला ‘एलिफंट हॉटेल’ बांधलं आणि समोर उंच खांबावर तिचा पुतळा उभा केला. पुतळा अजून आहे, हॉटेलच्या इमारतीत गावाची कचेरी आहे. न्यूयॉर्क शहरातून उत्तरेला जाताना वाकडी वाट करून बघण्यासारखं आहे, पार्किंगही मिळतं.

तळकोकणी
कलकत्त्याचं पिल्लू बियर पितं, आणि बेट बिचारी गोळी खाते. आमच्याकडच्यांनी केळीवरच समाधान मानलं म्हणायचं.

प्राजक्तगंध
रिपब्लिकन पक्षाचा हत्ती इथूनच आला का?

ग्रंथकीटक
तो रुजवला थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने, नोव्हेंबर १८७४ च्या ‘हार्पर्स वीकली’मध्ये. सिंहाचं कातडं पांघरलेलं गाढव, त्याला घाबरून उधळलेली जनावरं, आणि त्यात ‘रिपब्लिकन मतं’ असं लिहिलेला हत्ती. मात्र यादवी युद्धाच्या काळातही त्या पक्षाच्या बाजूच्या छापील मजकुरात हत्ती दिसतो, आणि त्याचा संबंध याच वाक्प्रचाराशी लावला जातो. पण कृपया धागा तिकडे नको. नोव्हेंबर नसतानाही इथे निवडणूक सुरू होते.

सदू_सिनिकल
आणि नांदणीच्या हत्तिणीकडेही नको. त्यावर आधीच तीन धागे आहेत, दोन कुलूपबंद.

भूतपूर्व_फौजी
उशिरा लिहितोय. कीटकरावांचं वाचन माझ्यापेक्षा कितीतरी जास्त, पण सैनिकांनी अर्थ ‘वळवला’ हे मला पटत नाही. त्यांनी तोच अर्थ नेला, फक्त वापरायची जागा बदलली.

शायलोचं उदाहरण घ्या. दोन्ही बाजूंच्या बऱ्याच पलटणी नवख्या. कित्येकांना बंदूक मिळून फार दिवस झाले नव्हते. ६ एप्रिलला सकाळी छावणीत न्याहारीची वेळ होत असताना हल्ला आला. दोन दिवसांत मेलेले, जखमी, पकडलेले आणि बेपत्ता मिळून दोन्हीकडचे २३,००० च्या वर. तोवर अमेरिकेच्या भूमीवर एवढी मोठी लढाई झालीच नव्हती. आदल्या वर्षी भरती होताना हीच पोरं बँडच्या तालावर हसत निघाली होती, ‘आपण पोचायच्या आत युद्ध संपू नये’ अशा काळजीत. म्हणजे हत्ती बघायची हौस त्यांना होतीच. आणि बघितल्यावर त्यांनी जे लिहिलं त्यात मला मर्दुमकी दिसत नाही. ‘पाहिला. पुरे. परत बघायची इच्छा नाही.’ टॉम हेन्सचंच वाक्य.

दुसरं एक. आईला किंवा बायकोला पत्र लिहिताना शेजारच्याचं काय झालं ते कोणी लिहीत नाही. आम्हीही नाही लिहिलं. ‘इकडील सर्व क्षेम’ एवढंच. ‘हत्ती पाहिला’ हे शब्द त्या कामाचे आहेत. ज्याला कळायचं त्याला कळतं, घरच्यांना वाटतं पोरगं मजेत आहे.

शेंगदाणाकूट
काका, हा प्रतिसाद दोनदा वाचला.

ग्रंथकीटक
फौजीकाका, हा मुद्दा मी सुटा पाहत होतो, तुम्ही जोडलात. कालक्रमही तुमच्या बाजूने आहे. सोन्यातून शब्द लष्करात गेला असं सरसकट सांगतात, पण १८४६–४८ च्या मेक्सिको युद्धातल्या सैनिकांच्या तोंडी तो होताच. सोनं सापडलं जानेवारी १८४८ मध्ये, जेम्स मार्शलला, सटरच्या लाकूड-गिरणीच्या पाटात. खरी झुंबड १८४९ मध्ये. तेव्हा टेक्सास, मेक्सिको युद्ध, मग कॅलिफोर्निया, मग यादवी असा प्रवास.

तरी एक फरक मी सोडणार नाही. परत फिरलेले लोक पूर्ण हत्ती पाहिल्याचा दावा करत नसत. कोणी म्हणे मी त्याच्या पावलांचे ठसे पाहिले, कोणी म्हणे शेपूट पाहिलं आणि तेवढ्यावर आलो. सैनिकाला ही सवलत नाही.

ठेचा_भाकरी
हत्ती गेला, शेपूट राहिलं!! आपली म्हण कॅलिफोर्नियाला कधी पोचली?

प्राजक्तगंध
आपल्या म्हणीत शेपूट राहतं म्हणजे काम जवळजवळ संपलेलं असतं. त्यांचं शेपूट म्हणजे काम सुरूच झालं नाही. एकाच शेपटाची दोन टोकं.

जर्सीकर_जाऊबाई
शेपूट पाहून परतलेल्यांना हसू नका हं. मिसुरी नदीपासून कॅलिफोर्निया म्हणजे सुमारे २,००० मैल, बैलगाडीने चार ते सहा महिने. आपल्याला सिनेमांमुळे वाटतं की वाटेत आदिवासींच्या हल्ल्यांत माणसं मेली. १८४९–५० मध्ये प्लॅट नदीच्या काठाने सर्वात जास्त माणसं कॉलऱ्याने मेली. सकाळी धडधाकट माणूस, संध्याकाळी वाटेच्या कडेला पुरलेला. पुढे नेवाडात हम्बोल्ट नदी वाळवंटात जिरून जाते, तिथून चाळीस मैल पाणी नाही. बैल तिथेच पडायचे. लोकांनी फेकलेलं सामान, चुली, पेटारे, खुर्च्या त्या वाटेवर विखुरलेले असायचे. बाईमाणसं पोटुशी असताना हे चाललेली आहेत, वाटेत बाळंत झालेली आहेत, आणि दुसऱ्या दिवशी परत गाडीत. त्यांच्या रोजनिशीत हत्तीचं नाव आलं की मला ते फुशारकीचं वाटत नाही.

आणि पोचल्यावर काय? तिथे एका अंड्याला डॉलर मोजावा लागे. श्रीमंत झाले ते फावडी आणि अंडी विकणारे.

सदू_सिनिकल
म्हणजे गोष्टीतल्या शेतकऱ्याने गाडी जरा पुढे कॅलिफोर्नियापर्यंत हाकायला हवी होती.

तळकोकणी
आयला, हे मात्र खरं.

प्राजक्तगंध
नंतर याचा अर्थ भलतीकडे गेला असं ऐकलंय. शहरातल्या ‘तसल्या’ वस्तीत जाऊन येणे?

जर्सीकर_जाऊबाई
हो हो. खेड्यातला माणूस न्यूयॉर्कला येऊन शहराचे सगळे रंग, त्यातले काळे धरून, बघून गेला की त्याने हत्ती पाहिला. त्यात १८८५ मध्ये कोनी आयलंडला हत्तीच्या आकाराचं खरोखरचं हॉटेल उभं राहिलं, आत खोल्या वगैरे. मग काय, ‘हत्ती बघायला चाललो’ म्हटलं की लोक डोळे मिचकावायचे. १८९६ मध्ये ते जळालं.

त्याच माणसाने, जेम्स लॅफर्टीने, आधी १८८१ मध्ये आमच्या न्यू जर्सीत अटलांटिक सिटीजवळ मार्गेटला बांधलेला हत्ती मात्र अजून उभा आहे. ‘लूसी’. लाकडाचा सांगाडा, वरून पत्रा, ६५ फूट उंच. हेतू काय, तर समुद्रकाठचे प्लॉट विकायचे! गिऱ्हाइकाला हत्तीच्या पाठीवरच्या अंबारीत चढवून जमीन दाखवायची. भारतातून पाहुणे आले की आम्ही नेतो. सासरे पूर्ण फेरी मारून म्हणाले, ‘आमच्याकडे बिल्डर असलं काही करत नाहीत, नुसतं फ्लेक्स लावतात.’

ठेचा_भाकरी
सासऱ्यांना इथे सदस्यत्व द्या.

जळगावचा_वाचक
सर्वांचे मनापासून आभार, धागा कुठल्या कुठे गेला! मी हे विचारलं कारण वाचनमंडळासाठी काही पत्रांचा मराठी अनुवाद करतोय. ‘मी हत्ती पाहिला’ असं तसंच ठेवलं तर ऐकणाऱ्याला वाटेल पोरगं सर्कशीला गेलं. ‘दिवसा तारे दिसले’ किंवा ‘ब्रह्मांड आठवलं’ करावं का?

प्राजक्तगंध
‘ब्रह्मांड आठवलं’ मस्त बसतं. घाबरगुंडी आणि थोडा विनोद, दोन्ही आहेत त्यात.

ग्रंथकीटक
नको. तारे आणि ब्रह्मांड आपल्यावर येऊन कोसळतात, आपण ते बघायला जात नाही. हा हत्ती बघायला माणूस स्वतः निघालेला आहे, खर्च करून. ते गेलं तर सगळंच गेलं. हत्ती राहू द्या, पहिल्या पत्राआधी चार ओळी लिहा.

भूतपूर्व_फौजी
हत्ती ठेवा. आणि चार ओळीही फार होतील. पत्र आईला असेल तर तळटीप न देता वाचून दाखवा, मंडळात कोणी विचारलं तर मग सांगा.

प्राजक्तगंध
म्हणजे ऐकणाऱ्याला आईच्या जागी बसवायचं? काका, वाचनमंडळ आहे ते, लोकांना सातला घरी जायचं असतं. मी अजूनही ब्रह्मांडावर ठाम.

जळगावचा_वाचक
दोन पत्रं दोन्ही पद्धतींनी वाचून बघतो. ब्रह्मांडवालं प्राजक्तगंध यांच्या जबाबदारीवर.

शेंगदाणाकूट
एक राहिलं. त्या कलकत्त्याच्या पिल्लाला बघायचं तिकीट किती होतं?

ग्रंथकीटक
बोस्टनच्या जाहिरातीत पाव डॉलर आहे, मुलांना नऊ पेन्स. बिअर वेगळी.